अनुभव धागा: श्रद्धा बदलताना आलेला गूढ अनुभव कसा समजून घ्यावा?

भजन-कीर्तनातून विपश्यनेकडे, देवघरातून बुद्धवंदनेकडे किंवा चर्चकडे वळताना प्रकाश दिसतो, अंग विरघळतं, डोळे वाहू लागतात. त्याचं करायचं काय? जाणत्यांनी नेमकं लिहावं.

नाशिक
विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात आधी आनापान (येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष), चौथ्या दिवशी विपश्यना (अंगभरच्या संवेदना नुसत्या पाहणं). मग रोज सकाळी 8, दुपारी 2:30 आणि संध्याकाळी 6 वाजता तासभर अधिष्ठान: हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत. अंगभर सूक्ष्म लहरी उठून घनपणा विरला की त्याला ‘भंग’ म्हणतात. नवा साधक घसरतो तो इथेच. पुढच्या बैठकीला तीच लहर शोधत बसतो, गुडघे ठणकतात, आणि साधना बिघडली असं त्याला वाटतं. पाली परंपरेने ओभास (प्रकाश), पीति (आनंदाची लहर), पस्सद्धि (शांतपणा) असे दहा उपक्लेश, म्हणजे साधनेतले अडथळे, मोजलेत. दहावा निकन्ति, म्हणजे या सगळ्याची गोडी. खरा अडथळा तोच. शिबिरात जप-माळ बंद असते. सवयीने नाम उमटलंच तर ते दाबू नये, वाढवूही नये, संवेदनेवर परतावं. शंका दुपारी 12 ते 1 या वेळात आचार्यांना विचाराव्यात.

आळंदी
भक्तिमार्गात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भक्तीच्या भरात शरीरावर उमटणाऱ्या खुणा, आहेत: स्तंभ (अंग ताठणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उतरणं), अश्रू, प्रलय (भान हरपणं). वर आलेल्या पीतीतही अंगावर काटा येतोच. म्हणून ‘रडू आलं, म्हणजे हाच धर्म खरा’ किंवा ‘विपश्यनेत विठ्ठल दिसला, म्हणजे परत फिरावं’ हे दोन्ही निष्कर्ष कच्चे. शरीराची खूण कोणत्याही एका पंथाची साक्ष देत नाही.

पुणे
वहीचं डावं पान घटनेला: वेळ, आदल्या रात्रीची झोप, उपवास, किती वेळ बसलात, कुठे काय जाणवलं. त्याच दिवशी लिहा. ‘देव’, ‘शून्य’, ‘कृपा’ हे शब्द उजव्या पानावर, आणि तेही आठवड्याने. घाई केली की अर्थ आठवणीत मिसळतो, मग मूळ काय होतं ते सापडत नाही. धर्मांतर, दीक्षा, घरच्यांशी वाद यांतलं काहीही त्या आठवड्यात उरकू नये.

अहिल्यानगर
कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने बायबल हाती दिल्यापासून मधे वाचन, पत्रव्यवहार आणि झगडा होता. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग लिहिले, आणि तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोचवलं असं ते मानत. जुनी भाषा टाकली नाही तरी नवी श्रद्धा खोटी ठरत नाही. अनुभव सांगायला जुनेच शब्द येत असतील तर ते येऊ द्यावेत.

छत्रपती संभाजीनगर
सलग दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी थकवा नाही, आज्ञा देणारे आवाज, आपण निवडले गेलो आहोत ही खात्री, जेवण सुटणं: यांतलं काही दिसलं तर ध्यान आणि उपवास तिथेच थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठा. घरात कुणाला पूर्वी असा आजार झालेला असेल, तर शिबिराच्या अर्जात तो लपवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.