आत्याला बीआरसीए निघालं, तपासणी आधी कोणी करायची?

पाऊलखुणा:
आत्याला ४९व्या वर्षी अंडाशयाचा कॅन्सर झाला. तपासणीत बीआरसीए१ जनुकात दोष निघाला, ज्याने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आईचं म्हणणं, "बायकांचा आजार, तो बाबांकडून तुला कसा येईल?" बाबा ६६ वर्षांचे, ठणठणीत. विषय काढला की पेपर तोंडापुढे धरतात. मी ३४. मी थेट माझीच तपासणी करून घेऊ का?

जुनी_वही:
जमलं तर आधी बाबांची. हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असतं, त्याला बाई-पुरुष कळत नाही. बाबांकडे दोष असण्याची शक्यता निम्मी. असलाच, तर तुमच्याकडे यायची पुन्हा निम्मी. त्यांच्याकडे नसेल तर हा दोष तुमच्यापर्यंत पोचूच शकत नाही. (चारचौघींइतका धोका राहतो, तो कोणालाच चुकत नाही.)

मीही हाच गोंधळ घातला होता. फॉर्मवर आईकडच्या सगळ्या मावश्या लिहिल्या, वडिलांच्या दोन बहिणी लिहायच्या राहूनच गेल्या. समुपदेशक बाईंनी विचारलं, "आणि वडिलांकडचं?" तेव्हा कुठे लक्षात आलं. दोघींनाही स्तनाचा कॅन्सर झाला होता!

आत्याच्या रिपोर्टची प्रत सोबत न्या. जनुकात नेमका कुठे बदल आहे ते त्यात लिहिलेलं असतं, लॅबला तोच शोधायचा असतो. त्याशिवायच्या 'निगेटिव्ह'वर मी तरी निर्धास्त झाले नसते.

रात्रपाळी:
आकडाही माहीत असू द्या. २०१७च्या एका मोठ्या अभ्यासात बीआरसीए१ दोष असलेल्या बायकांना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा सुमारे ४४ टक्के दिसला. म्हणजे शंभरातल्या निम्म्याहून जास्त जणींना अंडाशयाचा होतच नाही.

आणि आत्यांच्या डॉक्टरांना ओलापॅरिब या कॅन्सरच्या औषधाबद्दल विचारा. या दोषामुळे गाठीतल्या पेशींना तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही. हे औषध दुरुस्तीची दुसरी वाटही अडवतं आणि त्या पेशी मरतात. ज्या दोषाने आजार आणला, तोच इथे उपचाराच्या कामी येतो.

पाऊलखुणा:
आत्याला आजच फोन करते. बाबांना जुनी_वहींचं उत्तर वाचून दाखवलं. पेपर खाली आला. म्हणाले, "रक्तच द्यायचंय ना? उपाशीपोटी का?"

जुनी_वही:
नाही, जेवून जाऊ द्या.