तळ्याकाठाने हिमनदीपर्यंत: सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

पहाटफेरी, सातारा
धागा काढतोय, कारण रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर हाच विषय निघतो आणि खाली चहाला पोचेपर्यंत अर्धवट राहतो. आपल्याकडचे बरेच जण हल्ली हिमालयात जाऊन येतात. ज्यांनी तळं आणि हिमनदी अशी दोन्ही असलेली वाट चाललीय, त्यांनी लिहा. फोटो सगळेच टाकतात. मला विचारायचंय ते वेगळंच: हिमनदी समोर आल्यावर ती ओळखू आली का?

मला आली नव्हती. सप्टेंबरात आम्ही चौघे बद्रीनाथच्या वरच्या सतोपंथ तळ्याला गेलो होतो. सुरुवातीचं माणा गावच साधारण ३,२०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्या दुपटीहून उंच. लक्ष्मीवन, चक्रतीर्थ करत पुढे गेलो आणि तिसऱ्या दिवशी नुसते दगडधोंडे सुरू झाले. खडी क्रशरच्या आवारात आणून सोडल्यासारखं. दोन तास पाय सांभाळत चालल्यावर मी वैतागून वाटाड्याला विचारलं, हिमनदी कधी येणार? तो म्हणाला, "साहब, उसी पे तो चल रहे हो." काठीने त्याने एक धोंडा बाजूला सारला. खाली बर्फ. पण कॅलेंडरवरचा पांढराशुभ्र नाही. आपल्या काळ्या पाषाणासारखा काळपट, ओला, आत बारीक वाळू अडकलेली. कान लावला तर खालून पाणी वाहताना ऐकू येत होतं. त्यानंतर मी एकही पाऊल बेफिकीर टाकलं नाही.

आमच्या वाटेवर आधी हिमनदी आणि मग तळं. हिरवं, तीन कोपऱ्यांचं. ब्रह्मा, विष्णू आणि महेश एकादशीला तिथे स्नानाला येतात अशी श्रद्धा आहे. आमच्यातल्या एकाने डुबकी मारली आणि तो देवाचं नाव पुरतं घ्यायच्या आत बाहेर आला.

निवृत्त विज्ञानबाई, वाई
माझी हिमनदी परदेशातली आहे, चालेल ना? लेक अमेरिकेत असते. तिने मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कात ग्रिनेल हिमनदी दाखवायला नेलं. सगळं चालायचं तर जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर होतात. आम्ही माझ्या गुडघ्यांचा विचार करून दोन होड्यांनी दोन तळी ओलांडली आणि मग चढाला लागलो.

खाली ग्रिनेल तलाव दिसतो तो अगदी मोरपंखी. लेकीला वाटलं मी रंगाचं कौतुक करीन, पण माझ्यातली बाई जागी झाली! जात्यात धान्य भरडतं तसा हिमनदीच्या तळाशी खडक भरडला जातो. बर्फ वरचा पाळू, डोंगर खालचा. ते दगडाचं पीठ इतकं बारीक असतं की तळाशी बसतच नाही, पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावरून प्रकाश विखुरतो, म्हणून तो रंग. हिमनदीतून निघणारं ताजं पाणी मात्र तांदळाच्या धुवणासारखं दिसतं. मी ते बाटलीत घेतलं आणि अर्धा तास ठेवून पाहिलं. गढूळपणा खाली बसला नाही.

तिथे अस्वलं आहेत, ग्रिझली. वळणावर अचानक समोर येऊ नये म्हणून बोलत चालायचं असतं. बोलायचे विषय संपल्यावर मी पाढे सुरू केले. एकोणतीसच्या पाढ्याला समोरून येणारं एक गोरं जोडपं थांबलं, त्यांना वाटलं प्रार्थना चाललीय.

वर पोचल्यावर आणखी एक तळं लागतं, बर्फाचे तुकडे तरंगणारं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते नव्हतंच, तिथे बर्फ होता. आम्ही ज्याच्या काठावर बसून थालीपीठ खाल्लं ते तळं म्हणजे वितळलेली हिमनदीच. त्या उद्यानात १९६६ साली नावाच्या ३५ हिमनद्या मोजल्या होत्या. २०१५ पर्यंत हिमनदी म्हणण्याजोग्या २६ उरल्या.

कराडचा पोरगा
ब्यास कुंड. मनालीत भाड्याने बूट घेतले, बकरथाचच्या पुढे उजव्याचा सोल निघाला. लुंगीची पट्टी फाडून बांधला. कुंड ढगात, हिमनदी ढगात, हनुमान टिब्बा ढगात. दिसला फक्त सोल. बूट आपले घ्या आणि घाटात महिनाभर घालून मगच न्या.

कृष्णाकाठ, सांगली
मी केदारनाथच्या वर चोराबाडी हिमनदीकडे गेलो होतो, २०२२ मध्ये. देवळाच्या मागून तीनएक किलोमीटर. तळ्याचं दुसरं नाव गांधी सरोवर, कारण १९४८ साली गांधीजींच्या अस्थी तिथे विसर्जित केल्या. तळ्याकाठाने गेलो असं म्हणता येत नाही, कारण तळं उरलेलंच नाही. खोलगट परात, वाळू, गोटे आणि एका बाजूला बांधाला पडलेलं खिंडार.

सांगलीच्या माणसाला तिथे उभं राहिल्यावर काय वाटतं ते सांगतो. आम्ही पूर फुटांत मोजतो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, पण ती सांगून आली. "किती फुटावर आलंय?" असं रात्रभर एकमेकांना विचारत आम्ही आधी गाड्या हलवल्या, मग गहू, मग म्हातारी माणसं. चोराबाडीला असं काही नव्हतं. हिमनदीने मागे हटताना टाकलेल्या दगडमातीचा ढीग हाच तळ्याचा बांध. आत ना सांडवा, ना पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. जून २०१३ मध्ये अफाट पाऊस झाला, त्यात बर्फ वितळून भर पडली आणि १७ जूनच्या सकाळी बांध फुटला. काही मिनिटांत सगळं तळं खाली केदारनाथवर. देवळामागे अडकलेली ती मोठी शिळा आजही तिथेच आहे. माझ्या उंचीपेक्षा वरच.

माझे वडील पाटबंधाऱ्याच्या कामावर होते. मातीच्या बांधात पाणी झिरपायला लागलं की तो कसा बसतो हे त्यांनी लहानपणी शेतातल्या पाटावर दाखवलं होतं. त्या खिंडारापाशी मला तो पाटच आठवत राहिला. हिमनदी मी पाहिली, पण तिच्याकडे लक्ष नव्हतं.

कोरेगाव
सज्जनगड दम न लागता चढतो. एवढं पुरेल का?

सौ., सातारा
कोरेगावकर, आमच्या घरचं ऐका. आमचे हे यवतेश्वरच्या घाटातली एकवीस किलोमीटरची शर्यत तीनदा पळालेत. मी कधी एक पावलाची पळाले नाही. आम्ही केदारतालला गेलो. गंगोत्रीहून भोजखरक, मग केदारखरक. पहिल्याच दिवशी सातशे मीटर चढ. हे सगळ्यांच्या पुढे. मी सगळ्यांच्या मागे, दर वळणाला बसत. केदारखरकला संध्याकाळी यांचं डोकं ठणकायला लागलं, रात्री उलट्या. वाटाड्याने गोळीबिळी काही ऐकून घेतलं नाही, पहाटे त्यांना खाली उतरवलं. तेच बरोबर होतं. पळून फुप्फुसं तयार होतात, पण विरळ हवेची सवय व्हायला दिवसच लागतात आणि ते कुणाला चुकत नाहीत.

मी उरलेल्यांबरोबर गेले. शेवटच्या टप्प्यात दगडच दगड, एका बाजूने सारखे खडे गडगडत होते. मग एकदम तळं, आणि त्यात थलय सागरचं शिखर उलटं. ६,९०४ मीटरचं, आणि पाण्यात एक सुरकुती नाही. काठाने पुढे हिमनदीकडे निघाले, पण वारा सुटला आणि शिखर मोडलं. मी तिथेच बसून ते परत जुळायची वाट पाहिली.

घरी येऊन दोन वर्षं झाली. यांनी तो फोटो अजून पाहिलेला नाही.

एकवीस किलोमीटर
पाहिलाय. वाकडा आलाय.