मदत हवी आहे: बोटीच्या कार्यक्रमासाठी जुनी माणसं बोलती कशी करायची?

खाडीकिनारा
आमच्या वाचनालयात १७ जुलैला बोटीचा कार्यक्रम आहे. मंडप, माईक, खुर्च्या, सगळं ठरलंय. पण ज्यांनी बोलायचं ती म्हातारी माणसं "आम्हाला काय बोलता येतंय, तुम्हीच सांगा" म्हणून मोकळी होतात. एका आजींनी फोटो दिला, तो नातू येऊन परत घेऊन गेला. पत्रिका छापायला द्यायची आहे. लवकर सांगा, काय करू?

उंबरठा
कुठली बोट? गाव कुठलं?

सातबारा
वाचनालय कुठल्या वर्गात आहे? ड असेल तर आधी वर्गवाढीचा प्रस्ताव टाका. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान वर्गावर ठरतं. अशा कार्यक्रमाचे फोटो आणि हजेरी जपून ठेवा, तपासणीला दाखवता येतात.

खाडीकिनारा
सातबारा, आम्ही अनुदान घेत नाही. दोन खोल्या आहेत, वर्गणीवर चालतं. आणि बोट म्हणजे रामदास, १७ जुलै १९४७ ला गटारीसाठी गावी निघालेली माणसं घेऊन मुंबईहून रेवसला येताना बुडाली ती. रेवसच्या बाजूला बोट म्हटलं की दुसरी कुठली असणार?

उंबरठा
हे आधी लिहायला हवं होतं. १९४७ साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या आसपास आहे. घरातलं कोणी त्या बोटीवर गेलेलं. अशा माणसाला मंडपात सगळ्या गावासमोर उभं करायचं? नाही बोलणार. घरी जा. त्यांच्या ओळखीचं कुणीतरी सोबत न्या. बोट कशी बुडाली हे विचारूच नका. "तुमच्याकडचं मुंबईला कोण होतं? गावी येताना काय घेऊन यायचं?" इथून सुरुवात करा, बोटीपर्यंत ते आपणच येतील. गिरणगावातल्या आजी-आजोबांच्या आठवणी मी अशाच नोंदवल्या आहेत. पंखा बंद करा, फोन जवळ ठेवा आणि मध्ये बोलू नका. ते गप्प झाले तर तुम्हीही गप्प बसा.

जुनाट
नुसत्या आठवणींवर इतिहास उभा राहत नाही. एकाच घरातली दोन माणसं वेगवेगळं सांगतात. आधी कागद बघा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी नियतकालिकं आहेत, सरकारी दप्तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. तिथे रायगड म्हणून शोधाल तर हाती काही लागणार नाही. कुलाबा म्हणून शोधा, जिल्ह्याचं नाव १९८१ साली बदललं.

उंबरठा
कागदात सहाशेहून जास्त माणसं गेली एवढं मिळेल. त्या गटारीनंतर कुठल्या घरात किती वर्षं सण केला नाही, हे कुठल्या दप्तरात आहे?

जुनाट
ते घ्याच, मी नको म्हणत नाही. पण पडताळा घ्या. उद्या वाचनालयाच्या नावावर चुकीचं छापलं गेलं तर पुढची पन्नास वर्षं तेच उतरवून घेतील लोक.

उंबरठा
पडताळा पावसाळ्यानंतरही घेता येईल. पुराभिलेखागार कुठे जात नाही. आजी आत्ता आहेत.

डोलकाठी
१९२७ साली जयंती आणि तुकारामही बुडाल्या होत्या. त्यांचं कोणी नाव काढत नाही. कार्यक्रमात त्यांनाही जागा द्या, कळकळीने सांगतोय.

कसर
जुन्या फोटोंना लॅमिनेशन अजिबात करू नका, निघत नाही. चिकटपट्टीही नको, काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग तसाच राहतो. पुस्तकांत वाळवी असेल तर कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा.

खाडीकिनारा
वाळवीचं विचारलंच नव्हतं, पण कपाट भिंतीला टेकूनच आहे, बघतो. फोटोचं सांगा ना कोणीतरी.

कसर
फोटो घराबाहेर न्यायचाच नाही. ओटीवर, उन्हात नाही, सावलीच्या उजेडात ठेवा, फ्लॅश बंद करून मोबाइलवर काढा आणि तिथल्या तिथे हातात परत द्या. मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर तेही काढा. फोटोत कोण कोण आहे ते आजींकडून वदवून घ्या, रेकॉर्डिंग चालू ठेवून. नातवाला शेजारी बसवा, मोबाइल त्यालाच धरू दे. मग तो परत न्यायला येणार नाही.

खाडीकिनारा
नातवाचं पटलं. पत्रिकेतून वक्त्यांचा रकाना काढतो. रविवारपासून घरोघर जातो. १७ तारखेला आपल्या गावातून गेलेल्यांची नावं वाचायची आणि जे हो म्हणतील त्यांचा आवाज ऐकवायचा. डोलकाठी, जयंती-तुकारामचा एक तक्ता भिंतीवर लावू. पण एक आजोबा म्हणतात, रेकॉर्ड कर, मात्र मी असेपर्यंत कोणाला ऐकवू नकोस. त्याचं काय करायचं?

उंबरठा
तेच कागदावर लिहा, त्यांची सही नाहीतर अंगठा घ्या, घरातल्या एकाची साक्ष घ्या. एक प्रत त्यांच्या घरी, एक वाचनालयाच्या कुलुपात. १७ तारखेला ते रेकॉर्डिंग वाजवायचं नाही, गावाने कितीही आग्रह केला तरी.