चकमकीच्या बंदुकीचा चाप फार जड आहे. खाच घासावी का?

पेनसिल्व्हेनियाकर:
नमस्कार. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा जो खास हंगाम असतो, त्यात चकमकीची ठासणीची बंदूकच चालते, म्हणून मी .५० बोअरची एक वापरलेली बंदूक घेतली आहे. चापाला ताणकाटा लावून पाहिला, तर चकमक धरणारा घोडा सुटायला साडेसात पौंड, म्हणजे सुमारे ३.४ किलो ओढ लागते आणि तेवढ्यात नेम हलतो. एक सोबती म्हणतात, आतली खाच कानशीने घासावी. हे घरी करावे का?

जुना ठासणीवाला:
कानस मुळीच लावू नका. घोड्याबरोबर फिरणाऱ्या आतल्या तुकड्याला दोन खाचा असतात. घोडा अर्धा चढवल्यावर खटका, म्हणजे घोडा अडवून धरणारा आणि चाप ओढल्यावर सुटणारा तुकडा, पहिल्या, खोल खाचेत बसतो आणि पूर्ण चढवल्यावर दुसऱ्या, उथळ खाचेत. या भागांचा पुष्कळदा वरचा पातळ थरच कडक केलेला असतो. तो घासला गेला की आतले मऊ लोखंड झिजत जाते, खाचेचा कोन बिघडतो आणि आज हलका वाटणारा चाप उद्या नुसत्या धक्क्यानेही सुटू शकतो. शिकारीसाठी तीन ते पाच पौंडांची ओढ मला योग्य वाटते. थंडीत हातमोजे घालून त्याहून हलका चाप मी तरी वापरणार नाही.

आधी नळी रिकामी असल्याची गजाने खात्री करा, चकमकीच्या जागी लाकडाचा तुकडा बसवा आणि मग लॉकचे, म्हणजे घोडा आणि खटका असलेल्या यंत्रणेचे, स्क्रू प्रमाणाबाहेर आवळले आहेत का, दस्त्याचे लाकूड फुगून खटक्याला घासते का, ते पाहा. त्यानंतर घोडा अर्धा चढवून चाप जोराने ओढा. घोडा जागचा हलता कामा नये.

रानवाट:
दोन चापांची जोडणी हा दुसरा पर्याय आहे. मागचा चाप ओढून ठेवला की पुढचा काही औंसांत सुटतो. मात्र त्या आतल्या तुकड्यात खटक्याला अर्धी खाच ओलांडून देणारी छोटी जीभ नसेल, तर खटक्याचे टोक तिथेच आपटून तुटते. मागचा चाप नेम धरल्यावरच ओढावा, आणि रंजकही, म्हणजे ठिणगीने पेटणारी बाहेरची बारीक दारू, मचाणावर चढून बसल्यावरच घालावी.

कोकणातला:
इकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका बाळगणाऱ्यांसाठी एक जोड: शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूकदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, तेव्हा गावातल्या लोहाराकडे जाऊ नये.

पेनसिल्व्हेनियाकर:
आभारी आहे. लाकडावर खटका घासल्याची चकचकीत खूण सापडली आणि स्क्रू थोडा सैल करताच ओढ पाच पौंडांवर आली. पण अर्ध्या चढीवर चाप ओढला, तर घोडा खाडकन पडला. बंदूक उद्याच कारागिराकडे देतो. यंदाचा हंगाम गेला तरी चालेल.