मोकळ्या आकाशाखालीही गाडीतला उपग्रह रेडिओ तुटतो

प्रश्न:
माझ्या गाडीत कारखान्यातूनच बसवून आलेला उपग्रह रेडिओ आहे. पूर्वी छोट्या पुलाखालून जाताना काहीच जाणवत नसे. गेला महिनाभर मात्र तेवढ्यानेही आवाज बंद पडतो, आणि मोकळ्या महामार्गावरही अधूनमधून तसेच होते. गंमत म्हणजे शहरात त्रास कमी आहे. पाऊस पडून गेला की पडद्यावर ‘अँटेना तपासा’ असा संदेश येतो. नकाशा व्यवस्थित चालतो, म्हणजे छतावरची अँटेना ठीक असावी. मग रेडिओच बदलावा लागेल का?

पहिले उत्तर:
रेडिओ बदलण्याची घाई करू नका. नकाशावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही, कारण छतावरच्या त्या एकाच टोपणाखाली जीपीएस आणि रेडिओ यांचे घटक वेगळे असतात. जीपीएस 1575 मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालते, तर उत्तर अमेरिकेतील उपग्रह रेडिओ 2320 ते 2345 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात.

पुलाबद्दल तुम्ही लिहिले आहे ते मला अधिक बोलके वाटते. एकच कार्यक्रम दोन वाटांनी, सुमारे 4 सेकंदांच्या फरकाने पाठवला जातो, आणि आधी आलेला भाग रेडिओ साठवून ठेवतो. त्यामुळे पुलाखाली हुकलेले दोन-तीन सेकंद एरवी भरून निघतात. ते भरून निघेनासे झाले, याचा अर्थ एक वाट आधीच क्षीण झाली आहे. शहरात जमिनीवरचे पुनःप्रक्षेपक, म्हणजे तोच कार्यक्रम पुन्हा प्रसारित करणारी केंद्रे, ही उणीव झाकतात. ‘अँटेना तपासा’ या संदेशाचा तर आकाशाशी संबंधच नसतो: अँटेनातल्या प्रवर्धकाला (सिग्नल वाढवणाऱ्या भागाला) केबलमधूनच वीज जाते आणि तो मार्ग तुटला किंवा शॉर्ट झाला की हा संदेश येतो. तो पावसानंतर येत असेल, तर जोडात पाणी शिरत असावे.

दुसरे उत्तर:
वरील निदान पटते, तरी छत उघडण्याआधी डॅशकॅम आणि चार्जर काढून एक फेरी मारा; त्यांचा विद्युत अडथळाही सिग्नल बिघडवू शकतो. माझ्या गाडीत दोषी डॅशकॅमच निघाला होता, आणि तोवर मी अँटेना बदलून बसलो होतो! छताचे अस्तर स्वतः ओढू नका. त्याच्या कडेने पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असू शकतात.

प्रश्नकर्ता:
डॅशकॅम काढून फरक पडला नाही. मेकॅनिकने मागच्या बाजूचे अस्तर खाली घेतले, तेव्हा त्यावर चहा सांडल्यासारखा तपकिरी ओघळ दिसला आणि जोडाची मधली पिन हिरवी पडलेली होती. चुंबकाने चिकटणारी वेगळी अँटेना छतावर ठेवून तिची केबल थेट रेडिओला जोडताच सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण भरल्या. आता टोपणाखालचे रबर आणि अँटेना दोन्ही बदलून घेत आहे. पिन नुसती घासून भागेल, असे मेकॅनिक म्हणत होता. मी नको म्हटले.