मदत हवी आहे: इंपेलर बॅलन्स करून आणला तरी पंप थरथरतोच आहे

अक्कलकोट_रोड_टॉवेल
नमस्कार मंडळी. आमचं डाईंग युनिट आहे एमआयडीसीत, गरम पाण्याचा सर्क्युलेशन पंप आहे त्याला प्रचंड व्हायब्रेशन येतंय, इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं पात्यांचं चाक) बॅलन्सिंग करून आणला, बेअरिंग नवीन टाकले, तरी तेच. पायाखालची फरशीसुद्धा हलते, मेकॅनिकल सील (शाफ्टजवळ पाणी अडवणारा) गळायला लागला. चादरी-टॉवेलची ऑर्डर अडकली आहे, जरा लवकर सांगा काय करू.

मेंटेनन्स_होटगी
मालक, एवढ्यावर कसं सांगणार? एचपी किती, आरपीएम किती, मोनोब्लॉक (मोटार-पंप एकाच शाफ्टवर) का कपलिंगचा (दोन शाफ्ट जोडलेला)? कपलिंग सोडून नुसती मोटार चालवून बघितली का? थरथर कधीपासून, कुठलं काम केल्यावर?

बार्शीचा_दादा
बेअरिंगच बघा. बाजारात डुप्लिकेट लई येतात. मी तर पंप हलला की आधी बेअरिंग बदलतो, दहातले आठ वेळा तिथंच निघतं.

अक्कलकोट_रोड_टॉवेल
दादा बेअरिंग नवीन टाकलेत म्हणून वर लिहिलंय की ओ. 15 एचपी, 2900 आरपीएम, कपलिंगचा पंप, बिडाचा (सीआय) इंपेलर, वजन 8 किलोच्या आसपास. नुसती मोटार एकदम शांत चालते. शेजारच्या युनिटमधून मीटर आणून लावला, पंपाच्या बेअरिंग हाउसिंगवर आडवं 11 मिमी पर सेकंद दाखवतो, उभं 6.

टर्नर_काका
बॅलन्स कुणी आणि कसं केलं ते सांगा. आमच्याकडं पद्धत अशी, इंपेलर मँड्रेलवर (सरळ दांड्यावर) चढवायचा, दोन घासलेल्या लेव्हल पट्ट्यांवर ठेवून सोडायचा, जड बाजू आपोआप खाली येते, तिथं मागच्या शराउडवरनं (पात्यांमागच्या तबकडीवरनं) थोडं थोडं घासायचं, पात्याला हात लावायचा नाही. कुठंही फिरवून ठेवला तरी जागेवर राहिला की झालं. चाळीस वर्षं असंच करतोय, पंप चालतात.

व्हीबी_अ‍ॅनालिस्ट
काका, तुमची पद्धत 1450 आरपीएमला खपून जाते, 2900 ला ताण चौपट होतो कारण जोर स्पीडच्या वर्गात वाढतो. 10 ग्रॅम वजन 100 मिमीवर जास्त राहिलं तर 2900 ला शाफ्टला जवळपास 9 किलोचा झटका, आणि तो सेकंदाला 48 वेळा. पंपाच्या इंपेलरला जी 6.3 ग्रेड (किती असमतोल चालतो त्याची पातळी) धरतात, त्या हिशोबानं 8 किलोला एकूण 165 ग्रॅम-मिमी (जादा वजन गुणिले केंद्रापासूनचं अंतर) म्हणजे 100 मिमीवर दीड ग्रॅमपेक्षा थोडं जास्तच चालतं. पट्टीवर दीड ग्रॅम कळायला पट्ट्या आणि मँड्रेल फार चांगले लागतात.

टर्नर_काका
पट्ट्या चांगल्याच आहेत आमच्या. आणि इंपेलर पातळ असतो, एका पातळीतलं बॅलन्स पुरतं, हे तुम्हीपण मानाल. सगळ्यांनाच डायनॅमिक (फिरवून बॅलन्स करायचं) मशीन कुठनं परवडणार?

व्हीबी_अ‍ॅनालिस्ट
नुसत्या पातळ इंपेलरला पुरतं, मान्य. पण हा पंप ओव्हरहँग, शाफ्टच्या एका टोकाला इंपेलर, दुसऱ्या टोकाला कपलिंगचा अर्धा भाग, दोघांची चूक एकमेकांच्या उलट बाजूला असली तर पट्टीवर सगळं बरोबर दिसतं आणि फिरताना शाफ्ट डोलतो. म्हणून अख्खा रोटर (फिरणारा सगळा भाग) एकत्र बघावा लागतो.

मोहोळचा_शेतकरी
भाऊ माझाही प्रश्न आहे, उजनीच्या कॅनॉलवर 7.5 एचपी ओपनवेल आहे, रात्री लाइट कमी दाबानं येते तेव्हा घूं घूं करतो, तेपण बॅलन्सिंगच असेल का?

मेंटेनन्स_होटगी
मोहोळकर, तुमचं लाइटचं आहे, व्होल्टेज तपासा, वेगळा धागा काढा हो. टॉवेलवाले मालक, एक सोपी चाचणी करा. पूर्ण स्पीडला चालू असताना स्विच बंद करा. थरथर त्याच क्षणी गायब झाली तर इलेक्ट्रिकलचं. स्पीड उतरेल तशी हळूहळू उतरली तर मेकॅनिकल. आणि पाणी किती डिग्रीचं आहे?

अक्कलकोट_रोड_टॉवेल
80 डिग्री. बंद केल्यावर हळूहळू उतरते. एक सांगायचं राहिलं, इंपेलर खाल्ला होता तर वेल्डिंगनं भरून लेथवर मारला आणि त्याच वेळी कपलिंग दुसऱ्या पंपाचं बसवलंय, थरथर त्यानंतरची.

व्हीबी_अ‍ॅनालिस्ट
मग गंमत इथंच आहे की! हेच आधी हवं होतं. दुसऱ्या पंपाच्या कपलिंगची की (शाफ्टवर घट्ट धरणारी खाचेतली पट्टी) लांब आहे का, हबच्या (कपलिंगच्या मधल्या भागाच्या) बाहेर येते का? बाहेर राहिलेली की म्हणजे एका बाजूला जादा वजन. आणि बॅलन्स करताना इंपेलर कीशिवाय चढवला का अर्धी की लावून, हे विचारा. पूर्ण की लावून बॅलन्स केला आणि शाफ्ट अर्ध्या कीनं, तर जोडल्यावर बिघडतं.

सक्शनवाला
80 डिग्रीला पाण्याच्या वाफेचा दाबच जवळपास 5 मीटर पाण्याइतका होतो, सक्शनला (पाणी आत येण्याच्या तोंडाला) पाणी वरून भरलेलं नसेल तर कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) होणारच, खडे भरल्यासारखा आवाज येतो, इंपेलर खाल्ला तोही त्यानंच. बॅलन्सिंगच्या मागं लागून काय होणार.

मेंटेनन्स_होटगी
कॅव्हिटेशन असेल तर आवाज सगळ्या फ्रिक्वेन्सीत पसरलेला येतो, मीटर सारखा नाचतो. मालक, आकडा स्थिर आहे का? आणि पंप गरम झाल्यावर अलाइनमेंट (मोटार-पंपाचे शाफ्ट एका रेषेत आहेत का) बघितलं का, केसिंग तापून शाफ्ट वर येतो, एक दशांश मिमीच्या आसपास, थंड असताना मोटारीला तेवढं वर ठेवावं लागतं. अलाइनमेंट चुकलं असतं तर अ‍ॅक्सिअल (शाफ्टच्या लांबीच्या) दिशेतही आकडा मोठा आला असता.

अक्कलकोट_रोड_टॉवेल
आकडा स्थिर आहे, अ‍ॅक्सिअल 3. टाकी पंपाच्या वर आहे, खडे वाजत नाहीत. की हबच्या बाहेर येत होती, कापून बरोबर केली, कपलिंग 180 अंश फिरवून जोडलं तर आडवं 11 चं 6 झालं. चार-पाचच्या आत हवंय. आता काय करू?

व्हीबी_अ‍ॅनालिस्ट
180 फिरवल्यावर बदललं म्हणजे दोष फिरणाऱ्या भागातच आहे, फाउंडेशन फोडू नका. आता इंपेलर, शाफ्ट, पंपाकडचा कपलिंगचा भाग, की आणि नट सगळं एकत्र बॅलन्सिंगला द्या, टू-प्लेन (दोन पातळ्यांतलं) सांगा, रिपोर्टमध्ये आधीचा-नंतरचा ग्रॅम-मिमी मागा. जोडणीवर सेंटर पंचनं खूण मारा म्हणजे परत तसंच बसेल.

टर्नर_काका
देण्याआधी शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा आणि शाफ्ट फिरवा. 0.05 मिमीच्या वर रनआउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) आला तर आधी शाफ्ट सरळ करा, वाकड्या शाफ्टचं बॅलन्सिंग टिकत नाही. आणि वेल्डिंग भरलेल्या इंपेलरच्या भोकाचं मापही तपासा, सैल बसला असेल तर सगळी मेहनत पाण्यात.