विषय: फेब्रुवारीत स्की, सोबत आजी-आजोबा. राहायचं कुठं?

प्रेषक: ओर्लिकॉनकर

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत मुलांच्या स्पोर्टफेरियनमध्ये, म्हणजे शाळेच्या हिवाळी सुट्टीत, झुरिकहून इथंच स्वित्झर्लंडमध्ये आठवडाभर बर्फात जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, आणि पुण्याहून येणारे सासू-सासरे. आमच्यातलं कुणीही आजवर स्कीवर उभं राहिलेलं नाही. ह्यांना झेरमाट हवंय. "इतकी वर्षं इथं राहून मॅटरहॉर्न शिखराखाली नाही राहिलो तर काय उपयोग?" असं म्हणणं आहे. सासूबाईंच्या भिशीतल्या मैत्रिणी टूरबरोबर आल्या होत्या तेव्हा इंटरलाकेनला उतरल्या होत्या, म्हणून त्यांना तेच हवंय. मी ग्रिंडेलवाल्ड बघत होते, पण आता सगळ्या साइटवरचे फोटो मला सारखेच दिसायला लागलेत. सासूबाईंना अंडंही चालत नाही. हॉटेल घ्यावं की फ्लॅट? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

प्रेषक: बर्नकर काका

इंटरलाकेन आधी यादीतून काढून टाका. गाव दोन तळ्यांच्या मध्ये, जेमतेम ५७० मीटर उंचीवर. टूरवाल्यांना ते सोयीचं, कारण त्यांची बस एक दिवस युंगफ्राऊचा डोंगर करून पुढं निघते. तुम्हाला रोज सकाळी दोन पोरं, चार जोड स्की, हेल्मेटं आणि हरवलेला एक हातमोजा घेऊन ग्रिंडेलवाल्डची नाही तर लाउटरब्रुनेनची गाडी पकडावी लागेल. दोन दिवसांत घरात भांडणं लागतील.

झेरमाटबद्दल वाईट बोलणार नाही. गावात मोटारी नाहीत. टॅशला गाडी लावायची आणि शटल ट्रेननं वर जायचं. पाळण्यानं (केबल कारनं) पार ३८८३ मीटरपर्यंत जाता येतं. पण नवशिक्यांचा उतार सुनेगाला, २२८८ मीटरवर, आणि तिथं भुयारातल्या फ्युनिक्युलरनं, म्हणजे दोरानं ओढल्या जाणाऱ्या गाडीनं, जायचं. हॉटेल गावाच्या दुसऱ्या टोकाला मिळालं तर त्याआधी विजेच्या बसची वाट बघा. मॅटरहॉर्न बघायला एक दिवस जाऊन या, तो कुठं पळून जात नाही. साहेबांना सांगा, तिथल्या अवघड उतारांचा पास काढून पहिल्या वर्षी तुम्ही त्यातला एक टक्काही वापरणार नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला गावाचं नाव बघू नये. खोलीच्या दारापासून स्कीशाळेच्या जमण्याच्या जागेपर्यंत किती चालायचं, एवढंच बघावं. स्की बूट घालून चालणं म्हणजे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घालून चालण्यासारखं आहे. त्यात सहा वर्षांचा मुलगा शंभर पावलांवर बसकण मारणार, आणि मग त्याची स्की, तुमची स्की आणि तो स्वतः, सगळं तुमच्या अंगावर. घरमालकाला थेट मेल टाकून तीनच गोष्टी विचारा. जमण्याची जागा किती मिनिटांवर आहे? रस्ता चढाचा आहे का? आणि तळमजल्यावर स्की ठेवायची खोली आहे का, तीत बूट वाळवायची सोय आहे का? ओले बूट दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांच्या पायात घालून बघा, मग कळेल हा प्रश्न का विचारायचा. "पाच मिनिटांवर लिफ्ट" या जाहिरातीवर जाऊ नका. ती कुठली लिफ्ट, हे कुणी लिहीत नाही. बऱ्याचदा ती सरळ वर लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतारावर नेऊन सोडते.

या हिशेबानं दोन जागा सुचवतो. वेंगेन, १२७४ मीटर. लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांच्या गाडीनं वर जायचं. शिकायचा उतार गावाच्या अगदी मधोमध आहे. आजी-आजोबा बाकावर बसून नातवंडं पडताना बघतील. फक्त फेब्रुवारीच्या मध्यात इंग्रजांच्या शाळांनाही सुट्टी असते. वेंगेन त्यांचं जुनं आवडतं, तेव्हा उशीर केलात तर काही मिळणार नाही.

दुसरी, आणि मला जास्त आवडणारी, बेटमेरआल्प. झुरिकहून ब्रिगला साधारण दोन तास, तिथून छोटी लाल गाडी बेटनपर्यंत, आणि स्टेशनसमोरच पाळणा. वर साडेएकोणीसशे मीटरवर आख्खं गाव सपाटीवर पसरलेलं. मोटारी नाहीत, रस्त्यांवरचा बर्फ पूर्ण खरवडत नाहीत, लोक सामान घसरगाडीवर ओढत घरी नेतात. पुष्कळ घरांच्या दारातूनच स्कीवर निघता येतं. वर गेलात की आलेचची हिमनदी दिसते, आल्प्समधली सगळ्यात मोठी, वीसेक किलोमीटर लांब. ती बघायला स्की यायला लागत नाही.

---

प्रेषक: लुझर्नकर

काकांशी निम्मा सहमत. काका, तुम्ही स्कीवाल्यांचा विचार केलात. सासूसासरे दिवसभर करणार काय? न खरवडलेल्या बर्फाचे रस्ते सत्तरीच्या माणसांना नकोत. माझ्या वडिलांना घेऊन असल्याच एका गावात गेलो होतो. ते पहिल्या संध्याकाळी दुधाला म्हणून बाहेर पडले, घसरता घसरता वाचले, आणि नंतर आठवडाभर खिडकीतून आम्हाला हात करत बसले.

मी एंगेलबर्ग सुचवतो. लुझर्नहून थेट गाडी, पाऊण तासाच्या आत. गाव दरीच्या तळाशी, हजार मीटरवर, आणि बऱ्यापैकी सपाट. ११२० साली स्थापन झालेला बेनेडिक्टाइन मठ गावातच आहे. तिथं चीज बनवताना काचेतून बघता येतं. आजोबांचा एक दिवस आरामात जातो. नवशिक्यांसाठी ब्रुनीची बाजू आहे, ती उन्हाची. हवा खराब झाली किंवा कुणाचा गुडघा दुखला तर दोन तासांच्या आत झुरिकला घरी. बेटमेरआल्पवरून तसं जमत नाही, आणि वारा सुटला की पाळणे थांबतातही.

---

प्रेषक: झूगकर ताई

गाव कुठलंही घ्या, पण फ्लॅटच घ्या. अंडंही न खाणाऱ्या माणसाला घेऊन हॉटेलात हाफ-पेन्शन (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) घेणं म्हणजे पैसे देऊन चीज आणि बटाटे खाणं. डोंगरावरच्या हॉटेलांतही सांभाळा. बार्लीचं सूप दिसायला साधं, पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. रोष्टीतही असू शकतं. दर वेळी "ओने फ्लाइश, ओने श्पेक" (मांसाशिवाय, डुकराच्या चरबीशिवाय) असं दोन्ही म्हणायचं. नुसतं "ओने फ्लाइश" म्हटलं तर श्पेक मोजत नाहीत!

आता स्वयंपाक. दोन हजार मीटरच्या आसपास पाणी साधारण ९३-९४ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवत बसलात तर मुलं झोपून जातील. कुकर हवाच. पण फ्लॅटमध्ये शेगडी इंडक्शनची आहे का, ते आधी विचारा. आपला नेहमीचा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. बुडाला चुंबक चिकटतो तोच चालेल. गोडा मसाला, हिंग, मेतकूट इथूनच न्या. वरच्या दुकानात भाजी मिळते, भाव मात्र डोंगरावरचे.

पैशांचं म्हणाल तर फ्लॅटच्या भाड्यात कूरटाक्स (पर्यटकांवरचा कर) आणि शेवटची सफाई धरलेली आहे का, ते बघ. सहा माणसांचा माणशी रात्री कर आणि सफाईचा एकरकमी आकडा मिळून स्वस्त वाटलेला फ्लॅट महाग होतो. चादरी-टॉवेलांचंही कधी कधी वेगळं. बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवारच देतात. शिवाय तुझ्या ह्यांच्या कंपनीत रेकाचे पैसे, म्हणजे सुट्टी-प्रवासात खर्चायचं चलन, सवलतीत मिळतात का, विचार. पुष्कळ कंपन्या देतात आणि ते रेल्वेला चालतात. रेकाची स्वतःची सुट्टीची गावंही आहेत, लेंकला वगैरे. लहान मुलांसाठी सोयी चांगल्या असतात.

---

प्रेषक: बर्नकर काका

लुझर्नकर, मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय आहे. बुटांना लावायचे रबरी काटे इथं कुठल्याही दुकानात मिळतात, दोघांसाठी घेऊन ठेवा. बेटमेरआल्पहून रीडरआल्पला हिवाळी पायवाट आहे, दाबून सपाट केलेली. मी तिथं काठी टेकत चालणारी ऐंशीची माणसं बघितली आहेत, आणि ती माझ्या पुढं होती. एंगेलबर्गच्या बाबतीत माझी अडचण एवढीच की हजार मीटरवर फेब्रुवारीत गावात बर्फ असेलच असं आता सांगता येत नाही. मग रोज पाळण्यानं वर, म्हणजे पुन्हा बूट घालून रांग.

आणि हो, सासूसासऱ्यांच्या प्रवासविम्यात डोंगरावरून हेलिकॉप्टरनं उतरवण्याचा खर्च बसतो का, ते बघून घ्या. तुम्ही स्वतः रेगाचे, म्हणजे इथल्या हेलिकॉप्टर बचावसेवेचे, सदस्य व्हा. तिथं काटकसर नको.

अजून एक. आठवड्याचे पैसे भरण्याआधी जानेवारीत एक रविवार फ्लुम्सरबर्गला जाऊन या. झुरिकहून उंटरटेर्त्सनला उतरलात की स्टेशनपाशीच पाळणा. स्की भाड्यानं घ्या, नवशिक्यांच्या पट्ट्यापुरतं तिकीट काढा. मुलाला आवडलंच नाही तर आठवडा घसरगाडीवर काढायचा, हे आधीच कळलेलं बरं.

---

प्रेषक: ओर्लिकॉनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, जानेवारीपर्यंत थांबले तर काहीच उरणार नाही, तेव्हा रद्द करता येण्यासारखं बुकिंग शोधलं. वेंगेनला आमच्या शनिवारी सहा जणांचं एकच घर शिल्लक होतं, तेही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टविना. बेटमेरआल्पला तळमजल्याचा फ्लॅट मिळाला. मालकीणबाईंना तिन्ही प्रश्न विचारले. स्कीशाळा चार मिनिटं, रस्ता सपाट, बूट वाळवायची खोली आहे. शेगडी इंडक्शनची. गावात पाळणाघरासारखं काही आहे का विचारलं तर म्हणाल्या, आजी-आजोबा येतायत ना?

लुझर्नकर, तुमची मेल सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, "मी सिंहगड चढतो, मला खिडकीत बसवायची भाषा नको." सासूबाईंची समजूत भिशीत दाखवायला हिमनदीचा फोटो मिळेल यावर काढली. ह्यांची अजून काढतेय.

आता मागणं. सहा वर्षांच्या मुलाला बसेल असं हेल्मेट आणि एक घसरगाडी कुणाकडे पडून आहे का? आणि इंडक्शनवर चालणारा कुकर?

---

प्रेषक: झूगकर ताई

कुकर माझ्याकडे आहे, पाच लिटरचा. जानेवारीत मंडळाच्या हळदीकुंकवाला घेऊन येते. शिट्टी वेगळ्या डबीत असेल, परत देताना डबीसकट दे. हेल्मेटचं बाडेनकरांना विचार, त्यांच्या मुलाचं डोकं आता मोठं झालंय.